आधी टायर, मग उजवा पाय

बर्फात गाडी चालवायची तयारी बर्फ पडायला लागल्यावर करून उपयोग नसतो. पहिल्या हिमवर्षावाचा अंदाज जाहीर झाला की टायरवाल्यांकडे तारखा मिळेनाशा होतात, काच खरवडायचे स्क्रॅपर दुकानांतून गायब होतात आणि बॅटऱ्या नेमक्या त्याच आठवड्यात माना टाकतात. शेजाऱ्यांनी हे इतक्यांदा ऐकवलं होतं की झाडांची पानं पिवळी व्हायला लागली तशी मी कामाला लागले. गाडी चालवण्याचा माझा अनुभव तसा दांडगा, पण तो सगळा उन्हाचा, धो धो पावसाचा आणि खड्ड्यांचा. बर्फाचा काडीइतकाही नाही.

सुरुवात टायरपासून केली, कारण ज्याला ज्याला विचारलं त्याने आधी तेच सांगितलं. गाडी कितीही मोठी असो, ती रस्त्याला टेकते ती प्रत्येक चाकाखालच्या तळहाताएवढ्या रबरावर. ब्रेक, स्टिअरिंग, चारही चाकांना ताकद देणारं इंजिन, सगळी महागडी इलेक्ट्रॉनिक्स, या सगळ्यांना जे काही करायचं असतं ते तेवढ्याच चार तुकड्यांच्या जोरावर.

"बर्फ कधी पडणार ते बघत बसू नका," गॅरेजवाले म्हणाले. "सकाळचा पारा सातच्या खाली राहायला लागला की गाडी घेऊन या."

हा सात अंशांचा आकडा पुढे सगळीकडे ऐकू आला. नेहमीच्या, म्हणजे उन्हाळी टायरचं रबर थंडीत कडक होत जातं आणि रस्त्याच्या खरबरीतपणात त्याला रुतून बसता येत नाही. रस्ता कोरडा ठणठणीत असला तरी पकड कमी होते. हिवाळी टायरच्या रबराचं मिश्रणच वेगळं असतं, ते शून्याच्या बरंच खाली गेल्यावरही लवचीक राहतं. सातवर काही जादू होत नाही, तो एक ठोकताळा आहे. पण उपयोगी ठोकताळा, कारण त्यामुळे माणूस आकाशाकडे न बघता थर्मामीटरकडे बघायला लागतो. उलटंही तितकंच खरं. हेच मऊ टायर उन्हाळ्यात ठेवले तर भराभर झिजतात आणि तापलेल्या रस्त्यावर थांबायला जास्त अंतर घेतात. म्हणजे दोन संच लागतात, आणि वर्षातून दोनदा अदलाबदल.

गॅरेजवाल्यांनी दोन्ही टायर शेजारी ठेवून दाखवले. हिवाळी टायरची नक्षी जास्त खोल, आणि प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या असंख्य बारीक नागमोडी चिरा. गाडीचं वजन आलं की या चिरा उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फात चावा घेतात. मोठ्या खाचांमध्ये बर्फ भरून बसतो, आणि तो बसायलाच हवा असतो. मला वाटलं होतं टायरने बर्फ झटकून टाकावा. पण बर्फाला सगळ्यात घट्ट काय धरतं, तर बर्फच. दाबलेला बर्फ खाचेत घेऊन फिरणारं चाक रस्त्यावरच्या बर्फाला जास्त चांगलं पकडतं.

टायरच्या बाजूवरच्या खुणा वाचायला मात्र शिकावं लागतं. एम आणि एस ही अक्षरं, म्हणजे चिखल आणि बर्फ, पुष्कळ टायरवर असतात. ती उत्पादक स्वतःच छापतो, त्यासाठी कुठली परीक्षा द्यावी लागत नाही. खरी खूण म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण. उत्तर अमेरिकेत १९९९मध्ये ही खूण आली आणि ती मिळवायची तर टायरला बर्फावर ठरवून दिलेली चाचणी पार करावी लागते. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४पासून हिवाळी परिस्थितीत हा डोंगर असलेलेच टायर चालतात, नुसतं एम-एस आता पुरत नाही. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. प्रत्येक देशाचे, कधीकधी प्रत्येक प्रांताचे नियम निराळे, त्यामुळे दुसरीकडे गाडी घेऊन जायचं असेल तर तिथला नियम आधी पाहावा. बाराही महिने चालणारे म्हणून विकले जाणारे टायर डोंगराची खूण असेल तर सौम्य हिवाळ्यात ठीक आहेत. आठवडेच्या आठवडे रस्ता पांढरा राहत असेल तर मी त्यांच्या वाटेला जाणार नाही.

खिळे असलेल्या टायरचाही विचार केला. निव्वळ काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर त्यांना तोड नाही. पण ते डांबर कुरतडतात, आणि त्यातून उडणारी धूळ लोकांच्या छातीत जाते. जपानने याच धुळीपायी १९९०मध्ये कायदा करून त्यांना आळा घातला. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमध्ये ते ठरावीक महिन्यांत अजून चालतात. माझ्या रोजच्या वाटेवर बर्फ वितळवायला मीठ पडतं, तो हटवायला नांगर फिरतो, रस्ता बहुतेक वेळ काळाच दिसतो. मी बिनखिळ्यांचे घेतले.

माझ्या पुढे रांगेत उभ्या असलेल्या एका गृहस्थांना दोनच टायर हवे होते. "पुढच्या चाकांना ताकद जाते ना, मग पुढेच लावा. मागचे राहू देत." गॅरेजवाल्यांनी सरळ नकार दिला. पुढे पकड आणि मागे नाही, असं झालं की ब्रेक दाबल्यावर किंवा वळणावर पुढचा भाग थांबतो, वळतो, आणि मागचा आपल्याच वेगाने पुढे यायला बघतो. गाडी गिरकी घेते. त्यापेक्षा चारही उन्हाळी परवडले, निदान गाडी चालवणाऱ्याला पहिल्या मिनिटाला कळतं की आपल्याकडे काही नाही. गृहस्थ कुरकुरत चार घेऊन गेले.

जुने टायर विकत घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी तिथेच कळल्या. बाजूवरच्या, डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. ३५२२ असेल तर २०२२चा पस्तिसावा आठवडा. आणि नक्षीची खोली. पुष्कळ देशांत कायद्याने १.६ मिलिमीटर चालतात, पण बर्फासाठी चारच्या खाली गेलेला टायर हिवाळी म्हणवून घ्यायच्या लायकीचा राहत नाही. ऑस्ट्रियाने तर चारची अट कायद्यातच घातली आहे.

मी हिवाळी टायर वेगळ्या रिमवर चढवून घेतले. सुरुवातीला खर्च जास्त, पण दर वेळी रबर रिमवरून ओढून काढायला नको. चाकं बदलल्यावर पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालवून नट पुन्हा आवळून घ्यायचे असतात, तेही केलं. आणि हवा. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधल्या हवेचा दाब एक पीएसआयने कमी भरतो, कुठेही पंक्चर नसताना. शरद ऋतूत दुपारी भरलेली हवा कडाक्याच्या पहाटे चार-पाच पीएसआयने कमी दिसते ती यामुळे. बर्फात हवा कमी ठेवली की पकड वाढते असं सांगणारे लोक भेटतात. रोजच्या रस्त्यावर तो सल्ला मानू नये. दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा ठेवावा, आणि तो गाडी थंड असताना मोजावा.

बॅटरीचं काम लवकर उरकलं. थंडीत बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते. उणे १८ अंशांना तिची ताकद जवळपास निम्म्यावर येते. नेमकं त्याच वेळी इंजिन ऑइल घट्ट झालेलं असतं आणि सेल्फ मारायला नेहमीपेक्षा जास्त जोर लागतो. मागणी वाढलेली, पुरवठा घटलेला. उन्हाळाभर कुरकुर न करणारी चार-पाच वर्षांची बॅटरी पहिल्या कडक सकाळी दगा देते ती अशी. गॅरेजमध्ये लोड देऊन तपासली, माझी चांगली निघाली. बॅटरी चार्ज ठेवण्याचं आणखी एक कारण तिथे कळलं: पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उणे पन्नासलाही गोठत नाही, पण उतरलेली उणे दहाच्या आसपासच गोठू शकते, आणि गोठलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीची वीज घ्यायला जंपर केबल लावणं धोक्याचं असतं.

पातळ पदार्थांत कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, मला सगळ्यात गमतीचं वाटलं. थंडी जास्त म्हणून कूलंट निव्वळ ओतावं, पाणी घालूच नये, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात कूलंटमधला मुख्य घटक, शुद्ध इथिलीन ग्लायकॉल, उणे १३च्या सुमाराला गोठतं, आणि त्यात निम्मं पाणी घातलं की मिश्रण उणे ३७पर्यंत तग धरतं. निम्मं-निम्मं हेच योग्य. तपासायला द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर पुरतो, दोन मिनिटांचं काम.

काच धुवायच्या टाकीत मात्र पाणी राहिलं तर पंचाईत. टाकी फुटते, नळ्या गोठतात. हिवाळी द्रवाच्या बाटलीवर तो किती अंशांपर्यंत चालतो ते लिहिलेलं असतं. त्यात बहुधा अल्कोहोल असतं, कुठे कुठे मिथेनॉल, म्हणजे विष; मुलांच्या हाताला लागू द्यायचं नाही. जुनं पाणी पूर्ण संपेपर्यंत फवारून मग हा भरला. आणि हो, काच गरम झाल्याशिवाय फवारायचं नाही. धावत्या गाडीच्या थंड काचेवर तो वाऱ्याने क्षणात गोठतो आणि समोरचं काही दिसत नाही.

डिझेल गाडीवाल्यांना आणखी एक व्याप असतो. डिझेलमधलं मेण थंडीत वेगळं होऊन गढूळ होतं आणि फिल्टर तुंबवतं. थंड प्रदेशांतले पंप हिवाळ्यात हिवाळी डिझेलच देतात, पण उबदार भागात टाकी भरून डोंगरात मुक्कामाला गेलं की सकाळी गाडी हलत नाही. माझी पेट्रोलची, त्यामुळे मी टाकी निम्म्याच्या खाली जाऊ द्यायची नाही एवढाच नियम केला. आमच्या शेजाऱ्यांची गाडी विजेवरची. ते निघण्याआधी, चार्जर जोडलेला असतानाच गाडी आतून आणि बॅटरी गरम करून घेतात. रस्त्यावर उतरल्यावर ऊब बॅटरीतूनच काढावी लागते आणि किलोमीटर भराभर घटतात.

डिक्की भरताना घरात थोडी वादावादी झाली. फावडं, लांब दांड्याचा ब्रश, स्क्रॅपर, जंपर केबल, टो करायची दोरी, त्रिकोण, चमकणारं जाकीट, हातमोजांचे दोन जोड, घोंगडी, टॉर्च, थोडी वाळू, पाणी आणि सुका खाऊ. नवरा म्हणाला, "अगं, आपण ध्रुवावर चाललोय का? अडकलोच तर हीटर लावून बसू की निवांत."

"आणि सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं तर?"

हा प्रश्न मला त्याच आठवड्यात कळला होता, म्हणून इतक्या तत्परतेने विचारला. बर्फात रुतलेल्या गाडीचं इंजिन चालू असेल आणि मागची नळी बर्फात गाडली गेली असेल, तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मग झोप आल्यासारखं वाटतं. म्हणून अडकल्यावर पहिलं काम नळीभोवतीचा बर्फ उपसणं, आणि बर्फ पडत असेल तर पुन्हा पुन्हा उपसणं. इंजिन सतत चालू ठेवायचं नाही. तासाला दहा मिनिटं, वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर खाली करून. आणि गाडी सोडून मदत शोधत चालत सुटायचं नाही. वादळात गाडी सापडते, एकटा माणूस सापडत नाही. घोंगडी आणि फावड्याला त्यानंतर घरात कुणी हरकत घेतली नाही. फावडं डिक्कीत ठेवावं की मागच्या सीटखाली, यावर मात्र अजून मतभेद आहेत. डिक्कीचं दार गोठलं तर काय, हा माझा मुद्दा.

इथपर्यंत गाडी तयार झाली. एक दुपार आणि दोन-तीन फेऱ्या, बस. उरलं ते माझं शिक्षण.

निसरड्या रस्त्यावर गाडी चालवायचे वर्ग असतात. स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंडमध्ये तर ते परवान्याच्या शिक्षणाचाच सक्तीचा भाग आहेत. मी आपणहून नाव घातलं. बंदिस्त आवार, गुळगुळीत थर दिलेला ट्रॅक, त्यावर सतत पाणी सोडलेलं. शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, आवाज चढा, शब्द मोजके.

त्यांनी आधी गाडीत बसूच दिलं नाही. फळ्यावर गणित मांडलं. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.७च्या आसपास, दाबून बसलेल्या बर्फावर ०.२, गोठलेल्या काचबर्फावर ०.१ किंवा त्याहूनही कमी. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून थांबायला कोरड्यावर साधारण १४ मीटर घेते. बर्फावर ५०. काचबर्फावर १००. यात ब्रेकवर पाय जायच्या आधीचा वेळ धरलेलाच नाही. एक सेकंद गेला तर आणखी १४ मीटर. मग त्यांनी वेग पुसून ३० लिहिला. काचबर्फावर ३५ मीटर. वेग निम्म्याच्या जरा वर, अंतर जवळपास एक तृतीयांश.

"आता सांगा, सगळ्यात चांगला ब्रेक कुठला?" कुणी एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा, म्हणालं, कुणी टायर. बाई फळ्यावरच्या ३०खाली रेघ मारून पुढे गेल्या.

वर्गात चारही चाकांना ताकद जाणाऱ्या उंच गाडीचा मालक होता. त्याला बाईंनी मुद्दाम पहिला पाठवला. बर्फातून निघताना त्याची गाडी आमच्या सगळ्यांपेक्षा सरस निघाली, आणि थांबताना आमच्याइतकीच, किंबहुना वजनामुळे मनावर जास्त ताण देत, घसरत गेली. चारही चाकांना ताकद मिळाल्याचा फायदा पुढे जायला होतो. थांबताना प्रत्येक गाडीचे ब्रेक चारही चाकांवरच असतात, तिथे या गाडीला वेगळं काही मिळत नाही. मला वाटतं, या एका गोष्टीचा फलक अशा प्रत्येक गाडीच्या डॅशबोर्डवर लावायला हवा. निघताना इतकं सहज निघालं की पुढचंही सहजच होणार असं वाटायला लागतं.

माझी पाळी आली तेव्हा पहिला धडा ब्रेक पूर्ण दाबायचा. सगळा जोर लावून, आणि दाबलेलाच ठेवायचा. एबीएसचा खडखडाट पायाला जाणवतो, पेडल खालून धक्के मारतं, आणि पाय आपोआप वर यायला बघतो. तो येऊ द्यायचा नाही, हेच शिकायचं. आजच्यासारखं एबीएस १९७८पासून गाड्यांत आहे, मर्सिडीझच्या मोठ्या गाडीत बॉशने बनवलेली पहिली यंत्रणा बसली तेव्हापासून. पण ते अंतर कमी करण्यासाठी नाही, ब्रेक दाबलेला असताना चाक वळवता यावं म्हणून आहे. भुसभुशीत बर्फात तर एबीएसने अंतर थोडं वाढतंच, कारण अडकलेलं चाक आपल्यापुढे बर्फाचा ढीग गोळा करून थांबलं असतं, फिरतं चाक तो करू देत नाही. पण ब्रेक दाबून ठेवत मी अडथळ्याला वळसा घालू शकले, ते त्याच्यामुळे. जुन्या गाड्यांच्या काळात शिकवलेलं ब्रेक पंप करणं इथे चुकीचं.

दुसरा धडा गाडी सरळ जात राहते तेव्हाचा. स्टिअरिंग वळवलं, गाडी मात्र नाकासमोर चालली. हात अजून वळवायला बघतात. बाई शेजारच्या सीटवरून ओरडल्या, "उलट! कमी करा, कमी!" चाक जास्त वळवलं की ते आडवं होऊन नुसतं खरवडत जातं. पाय अॅक्सिलरेटरवरून काढला, स्टिअरिंग जरासं सरळ केलं, वेग उतरला, चाकांना पकड सापडली आणि गाडी वळली. पकड ही मोजकी असते आणि ती एका वेळी एकाच कामाला पुरते, असं त्यांचं सांगणं: ब्रेक मारा किंवा वळा, दोन्ही एकदम मागू नका. म्हणून वेग वळणाआधी, सरळ रस्त्यावर उतरवायचा.

तिसरा धडा मागचा भाग सुटतो तेव्हाचा, आणि तिथे माझा सगळा जुना अनुभव आड आला. ओल्या फरशीवर निसटलेल्या साबणाच्या वडीसारखी गाडीची पाठ एका बाजूला निघते, आणि पायाला एकच गोष्ट सुचते: ब्रेक. नको तिथे नको ते. ब्रेक सोडायचा, जिथे जायचंय तिकडे बघायचं आणि स्टिअरिंग त्याच दिशेला न्यायचं. पाठ उजवीकडे सुटली तर स्टिअरिंगही उजवीकडे. गाडी सावरायला लागली की लगेच सरळ करायचं, नाहीतर ती दुसऱ्या बाजूला झोकांडी खाते. खांबाकडे बघत राहिलं तर गाडी खांबाकडेच जाते, हे बाईंनी आम्हांला प्लॅस्टिकचे खांब ठेवून दाखवलं. आमच्यातल्या बहुतेकांनी ते आडवे केले.

स्थिरता राखणारी यंत्रणा, ईएससी, आधी बंद करून आणि मग चालू करून चालवायला लावली. ती १९९५मध्ये आली, आणि युरोपीय संघात २०१४पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची आहे. प्रत्येक चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून ती गाडीची पाठ सरळ ठेवते. फरक जमीन-अस्मानाचा होता. पण वेग थोडा वाढवून पुन्हा तेच वळण घ्यायला लावलं आणि यंत्रणा चालू असूनही गाडी ट्रॅकच्या बाहेर गेली. रबर आणि बर्फ यांच्यात जेवढी पकड आहे तेवढीच वाटून देणं तिच्या हातात असतं. नवी पकड ती बनवू शकत नाही.

उतरताना बाईंनी सगळ्यांना एक गृहपाठ दिला: पुढच्या गाडीपासून आठ ते दहा सेकंदांचं अंतर. समोरची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला सुरुवात करायची. पहिले काही दिवस हे अंतर हास्यास्पद मोठं वाटतं आणि त्यात कुणीतरी घुसतंच. घुसू द्यायचं, पुन्हा मागे राहायचं.

बर्फात पकड मिळावी म्हणून चाकांवर चढवायच्या साखळ्यांचा सराव मी घरासमोर, उजेडात, कोरड्या जमिनीवर केला. कुणी हसलं तर हसलं. डोंगरातल्या काही रस्त्यांवर निळ्या फलकाने साखळ्या सक्तीच्या होतात, आणि तिथे अंधारात, गोठलेल्या बोटांनी पहिल्यांदा डबा उघडणं म्हणजे शिक्षा. ताकद ज्या चाकांना जाते त्यांनाच साखळी. माझ्या गाडीत पुढची. चढवून थोडं अंतर जाऊन पुन्हा ताणायची, ताशी ५०च्या वर जायचं नाही, मोकळं डांबर लागलं की लगेच काढायची. माप टायरच्या बाजूवर लिहिलेल्या आकड्यांशी तंतोतंत जुळलं पाहिजे. गुडघ्याखाली घ्यायला रबरी चटई ठेवली आहे. या सगळ्यात तीच सर्वांत हुशारीची खरेदी.

मग एका रात्री बर्फ पडला.

सकाळी गाडी पांढऱ्या उंचवट्याखाली. नुसती समोरची काच साफ करून निघणारे लोक दिसतात. पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबला की टपावरचा सगळा बर्फ घसरून त्यांच्याच काचेवर येतो, किंवा वेगात उडून मागच्या गाडीवर. म्हणून टप आधी, मग बॉनेट, काचा, आरसे, नंबरप्लेट, पुढचे-मागचे दिवे, आणि कॅमेऱ्याची, सेन्सरची जागा. एलईडी दिव्यांची गंमत अशी की ते समोरून गरमच होत नाहीत. जुन्या दिव्यांवरचा बर्फ आपोआप वितळायचा, यांच्यावरचा तसाच साचतो. वाटेत थांबून पुसावे लागतात. काचेवर गरम पाणी ओतायचं नाही, काच तडकते. गोठलेलं दार ओढायचं नाही, आधी अंगाने दाबायचं, म्हणजे रबरावरचा बर्फ मोडतो. रबरांना आधीच सिलिकॉन लावलं होतं, त्यामुळे तो त्रास झाला नाही. रात्री वायपर उभे करून ठेवले होते आणि हँडब्रेकऐवजी गाडी गिअरमध्ये; ओलसर केबल गोठली तर हँडब्रेक सुटत नाही.

दिवे हाताने लावले. दिवसा आपोआप लागणारे दिवे पुष्कळ गाड्यांत फक्त पुढेच असतात, मागे अंधार. बर्फ पडत असताना मागच्याला आपण दिसायलाच हवं. हायबीम नको, उडणाऱ्या हिमकणांवरून उजेड उलटा डोळ्यांत येतो. वेग आपोआप कायम ठेवणारा क्रूझ कंट्रोल बंद.

दुसऱ्या गिअरमध्ये हळूच निघाले. मोकळ्या गल्लीत, मागेपुढे कुणी नाही याची खात्री करून, एकदा ब्रेक दाबून बघितला. आजच्या रस्त्याला किती पकड आहे हे कळायला यापेक्षा सोपा उपाय नाही, आणि मी तो अजूनही रोज करते.

मुख्य रस्त्यावर मिठाची गाडी येऊन गेली होती. मीठ बर्फाचा गोठणबिंदू खाली आणतं, त्यामुळे शून्याच्या थोडं खाली ते झकास काम करतं; पण उणे दहाच्या सुमाराला त्याचा जोर ओसरतो, तेव्हा कॅल्शियम क्लोराइड किंवा नुसती वाळू टाकतात. म्हणून कडाक्याच्या दिवशी मीठ टाकलेला रस्ता बघून निर्धास्त व्हायचं नाही. त्याहून फसवा प्रकार म्हणजे काळा बर्फ. तो काळा नसतोच, पारदर्शक पातळ थर असतो आणि खालचं डांबर दिसतं. पारा शून्याच्या आसपास, रस्ता ओला दिसतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडत नाही: तेव्हा सावध. पूल आधी गोठतात, कारण त्यांच्या खालूनही थंड हवा वाहते आणि जमिनीची ऊब त्यांना मिळत नाही. डोंगराच्या सावलीतली वळणंही तशीच. आणि उणे पंधरापेक्षा शून्याच्या जवळचा बर्फ जास्त निसरडा असतो, कारण त्याच्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. थंडी कमी झाली म्हणून जरा ढिलं पडावं, तर नेमका तोच दिवस वाईट.

बर्फ हटवणाऱ्या नांगराच्या गाडीमागे रांग लागली होती. एकजण ओव्हरटेक करायला बाहेर पडला आणि नांगराच्या पुढचा, अजून न हटवलेला रस्ता बघून परत आत शिरला. नांगराच्या मागचाच रस्ता त्या क्षणी सगळ्यात चांगला असतो. मी त्याच्यामागे ताशी ३०ने शेवटपर्यंत गेले.

हिवाळाभर डिक्कीतलं काय किती वापरलं, ते सांगते. ब्रश आणि स्क्रॅपर जवळपास रोज. फावडं बऱ्याचदा, आणि दर वेळी गाडी लावलेल्या जागेवरच, कारण नांगर रस्ता साफ करताना सगळा ढीग कडेला उभ्या गाड्यांपुढे लावतो. वाळू एकदा, तीही दुसऱ्यांसाठी: चढावर चाकं फिरवत बसलेल्या एका जोडप्याच्या गाडीखाली टाकली, त्यांना चाकांचं जागच्या जागी फिरणं रोखणारा ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून हळूहळू मागे-पुढे झुलवायला सांगितलं, निघाली. साखळ्या अजून डब्यातच आहेत. टो दोरी गुंडाळलेली. मीठ गाडीचा पत्रा खातं, म्हणून पारा शून्याच्या वर जाईल त्या दिवशी खालून फवारा मारून गाडी धुतली.

सकाळचा पारा सातच्या वर टिकायला लागल्यावर पुन्हा गॅरेजची तारीख घेतली. काढलेल्या प्रत्येक टायरवर खडूने जागा लिहिली, पुढचा डावा, मागचा उजवा, म्हणजे पुढच्या वेळी पुढचे मागे टाकता येतील. गॅरेजवाल्यांनी नक्षी मोजली, सगळ्यांत साडेसहा मिलिमीटरच्या वर शिल्लक होती. अजून दोन हिवाळे निघतील म्हणाले, उन्हात ठेवू नका तेवढे.